जमीन मऊ होईपर्यंत

माँटेगो बे, जमैका
मंगळवार, ७ फेब्रुवारी १९८४

लौगा,

पाकिटावर शिक्का विनिपेगचा असला तरी मी विनिपेगात नाही. मी जमैकात आहे. एकटीच. शनिवारच्या विमानाने परत जाणाऱ्या एका बाईच्या हाती हे पत्र देणार आहे, तिकडे उतरल्यावर ती पेटीत टाकेल. फोन मुद्दामच केला नाही. आपल्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांची टेलिफोनची तार एकच. माझा आवाज ऐकताच घराघरांतून रिसीव्हर हळूच उचलले गेले असते आणि तुझ्याआधी गावाला कळलं असतं.

झालं ते असं. वाल्डीच्या पेन्शनच्या कामासाठी शुक्रवारी विनिपेगला गेले होते. एका ट्रॅव्हल एजंटाच्या काचेवर हाताने लिहिलेला पुठ्ठा लटकत होता: उद्याचं विमान, एकच जागा शिल्लक, सगळ्यात स्वस्त. बाहेर नाकातले केस गोठत होते. मी आत शिरले ती नुसती ऊब घ्यायला, आणि तिकीट घेऊन बाहेर पडले. रात्री घरी येऊन पिशवीत दोन झगे कोंबले आणि पहाटे निघाले. इथे उतरले तेव्हा पायांत गुडघ्यापर्यंतचे फरचे बूट होते. हमालाने बोट दाखवून आणखी दोघांना हाक मारली, या, बघा म्हणून.

स्वर्गबिर्ग काही नाही हं. स्वस्तात मिळालं तेवढंच मिळालं. मिस इसिल्डा नावाच्या बाईच्या घराची मागची खोली आहे. खिडकीखाली मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्याचं गटार, तिथून दिवसभर शिळ्या तेलाचा भपकारा येतो. दात घासायच्या ब्रशवर सकाळी झुरळ बसलेलं असतं, मी हाकललं तर मिशा हलवून माझ्याकडे बघतं. गादीला कोणाकोणाच्या घामाचा वास आहे देव जाणे.

आणि समुद्रावर गेलं की सगळे आपलेच! पळून पळून कुठे आले, तर मॅनिटोबात. उकडलेल्या खेकड्याच्या रंगाची ही माणसं वाळूत लोळून दुसरं काही बोलत नाहीत, आज घरी किती थंडी एवढंच. हॉटेलवाल्याने त्यांच्यासाठी फळाच लावलाय. रोज सकाळी त्यावर विनिपेगचं तापमान खडूने लिहितात. जितकं खाली तितक्या मोठ्या टाळ्या. काल उणे चौतीस होतं तर एकाने सगळ्यांना रम पाजली. मी उठून आले.

एक काम कर. वाल्डीची बहीण म्हणून नको, शेजारीण म्हणून कर. किल्ली मागच्या पायरीखाली आहे. रोज घरात एकदा डोकावून जा आणि पाणी गोठू नये म्हणून नळाची बारीक धार सोडून ठेव. परत कधी येईन ते ठरवलेलं नाही. कुठल्याही शनिवारी जागा असेल तर बसता येतं.

तू चिडणार हे ठाऊक आहे. चीड.

सिग्गा

*

गिमली
मॅनिटोबा, कॅनडा
बुधवार, १५ फेब्रुवारी

सिग्गा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा हात धुतले.

माझा भाऊ जाऊन महिना झाला नाही. तो अजून जमिनीत गेलेला नाही. दफनभूमीच्या दगडी कोठडीत आणखी दोन पेट्यांशेजारी मे महिन्याची वाट बघत पडलाय, आणि त्याची बायको समुद्रात पाय बुडवून बसलीय. जमीन दगड झालीय, त्याला कोण काय करणार? हिवाळ्यात गेलेले सगळेच थांबतात. पण त्यांच्या बायकाही थांबतात गं! कोपऱ्यावरची डिसा दोन वर्षांपूर्वी डिसेंबरपासून थांबली होती, काळ्या कपड्यांत. तिला नाही सुचलं नारळाचं पाणी प्यायला.

जनाची नाही तर मनाची तरी ठेवायची होतीस. काल पाळकांनी विचारलं, रविवारी सिग्गा दिसली नाही? मी सांगितलं, सर्दी झालीय. चर्चमध्ये उभी राहून खोटं बोलले, तुझ्यामुळे.

आता घराचं ऐक. पत्र आलं त्याच दिवशी किल्ली घेऊन गेले. दार उघडेना, आतून बर्फाने धरलं होतं. शेजारच्या हाल्लीला बोलावून खांद्याने ढकलून घेतलं. तुझ्या निजायच्या खोलीची खिडकी सताड उघडी, लाकडी डाव अडकवून ठेवलेली! या दिवसांत खिडकी उघडी टाकून कोणी गावाला जातं? नळ फुटलेत. स्वयंपाकघरात गुळगुळीत बर्फाची लादी झालीय, तिच्यात तुझी पायपुसणी, एक चमचा आणि वाल्डीचा एक मोजा गोठून बसलाय. टेबलावर चर्चच्या बायकांनी दिलेला आलुबुखाऱ्याचा थरांचा केक तसाच. एक तुकडाही कापलेला नाही. त्यावर उंदरांच्या लेंड्या. ज्या बायकांनी तुझ्यासाठी रात्र जागून तो केला, त्यांना मी काय सांगू?

इतकी वर्षं तू वाल्डीचं घर नीट ठेवलंस असं मला वाटायचं. एका आठवड्यात त्याचा उकिरडा केलास. मला तुझी किळस आली, सिग्गा. हे लिहिताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

हे पत्र नेटी प्रोकोपचुकच्या हाती देतेय. ती आठवडाभर तिकडे येतेय, केस कापायचं दुकान बंद ठेवून. तिच्यासमोर तरी नीट वाग.

लौगा

*

माँटेगो बे
सोमवार, २० फेब्रुवारी

लौगा,

पत्र मिळालं. नेटीने ते वाफेवर उघडलेलं नव्हतं याचंच मला नवल वाटलं.

नळ फुटले ते माझ्यामुळे, कबूल. पण खिडकी मी निघताना उघडली नव्हती. वाल्डीला कोठडीत ठेवलं त्या दिवसापासून ती उघडीच होती. माझ्या पलंगावरून त्या खिडकीतून कोठडीचं छप्पर दिसतं. तुला ते माहीत असायचं कारण नाही, तू स्वयंपाकघराच्या पुढे कधी आली नाहीस. घर तापलं की मला माझीच शिसारी यायची. मी इथे उबेत आणि तो तिथे. म्हणून खिडकी उघडायची, कोट घालायचा आणि पांघरुणावरच पडायचं. केक घशाखाली उतरत नव्हता. निघायच्या घाईत खिडकी लावायची राहिली, इतकी ती उघडी असायची सवय झाली होती.

तुझा भाऊ जन्मभर गोठलेल्या तळ्यावर उभा राहून मासे मारायचा आणि त्याला थंडी सोसायची नाही. गावात कोणाला सांगायचा नाही, हसतील म्हणून. घरी आला की बोटं माझ्या काखेत घालून बसायचा आणि म्हणायचा, पुढच्या हिवाळ्यात जमैका. दर हिवाळ्यात पुढचा हिवाळा. त्या काचेवरचा पुठ्ठा मी वाचला तो त्याच्या आवाजात. वाटलं होतं, जिथे थंडी नाहीच तिथे गेलं की ती डोक्यातूनही जाईल. गेली नाही. हे लोक उणे छत्तीस वाचून टाळ्या वाजवतात, आणि मला ते छत्तीस त्याच्या अंगावर दिसतात.

आता मिस इसिल्डाचं. शेजारचा म्हातारा गाडीवाला वारला. इथली रीत अशी की माणूस गेला की नऊ दिवस रोज संध्याकाळी गल्ली त्याच्या दारात जमते. मासे तळतात, रम पितात, डॉमिनो आपटतात, स्तोत्रं गातात. मेलेल्याला एकटं वाटू नये म्हणून. मिस इसिल्डा मला घेऊन गेली. तिथे बाकावर बसल्यावर तिने विचारलं, ‘तुझा नवरा कुठे असतो गं?’

आजवर मी ‘घरी’ एवढंच म्हणत होते. त्या दिवशी खरं सांगितलं.

‘पुरला नाही अजून?’

‘मे महिन्यात. जमीन गोठलीय.’

‘मग आत्ता कुठे आहे?’

‘एका कोठडीत.’

‘त्याच्यापाशी कोण बसतं?’

‘कोणी नाही. कुलूप असतं.’

तिने हातातली बशी खाली ठेवली. ‘शी! माणूस आहे की मासळी, बर्फात घालून ठेवायला? आणि तू इकडे आलीस हवा खायला?’ सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. ‘म्हणूनच मागच्या खोलीत रात्री कोणीतरी खोकतं. तुझ्यामागून आलाय बिचारा, त्याला घरच नाही तर जाईल कुठे?’ दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले तर तिने माझा पलंग फिरवून ठेवला, कपाट दुसऱ्या भिंतीला लावलं. भुताला खोली ओळखू येऊ नये म्हणून करतात तसं. माझा चहाचा पेला ती आता वेगळा विसळते.

तिचा राग नाही आला मला. तुझा आला.

लौगा, अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या तळघरात मी तुला विचारलं होतं, जमीन जाळूया का. तुमच्या आजोबांना तसंच पुरलं, वाल्डीच सांगायचा. पत्र्याखाली कोळसा पेटवायचा, माती सैल झाली की खणायची, पुन्हा पेटवायचा. तू कॉफी ओतता ओतता म्हणालीस, ‘आता कोण करतं ते? माणसं बर्फाखालची जाळी सोडून आग राखत बसणार? मेलेल्याला कसली थंडी?’ सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तू त्याची सख्खी बहीण, मी बाहेरून आलेली.

आता मला सांग, किळस कोणाची यायला हवी?

सिग्गा

*

गिमली
सोमवार, २७ फेब्रुवारी

सिग्गा,

तुझं पत्र नेटीने आणून दिलं, आणि सोबत जे सांगितलं तेही ऐकलं. फक्त मी नाही, आख्ख्या तारेने ऐकलं. ती म्हणाली, ‘अगं, सिग्गाला भर रस्त्यात बघितलं मी! परक्या पुरुषांच्या घोळक्यात, हातात रमचा पेला, आणि गातेय मोठमोठ्यानं! मी हाक मारली तर ओळख दिली नाही.’ डिसाने लगेच तारेवर विचारलं, कुठलं गाणं होतं? दुसरी एक म्हणाली, ‘मेलेला एकटा पडला तरी चालेल, हिला सोबत हवी.’ हसल्या सगळ्या. मी रिसीव्हर खाली ठेवला नाही. ऐकत राहिले.

तू लिहिलंयस त्या नऊ संध्याकाळी, आणि नेटीने पाहिलंय ती दारू. दोन्ही एकच असेल, मला कळतंय. मी काही मूर्ख नाही. पण गावाला कोण समजावणार? तुझ्यासाठी मी किती ठिकाणी खोटं बोलायचं?

आणि मला शहाणपण शिकवू नकोस. जमीन जाळायची म्हणजे काय खेळ आहे? कोळसा कुठून आणायचा, आग कोण राखणार, भर हंगामात? आणि त्या कोठडीत काही वाल्डी एकटा नाही. मग त्या दोघांनाही काढायचं का? एकाला केलं की सगळ्यांना करावं लागतं. आमच्याकडे मेलेल्याला उगाच कवटाळून बसत नाहीत. तुझ्या त्या इसिल्डाबाईने माझ्या भावाला मासळी म्हणावं आणि तू ते मला लिहून कळवावंस! लाज वाटली नाही?

नळवाला आला होता. तो काम करत होता तेव्हा मी तुझ्या खोलीत गेले, खिडकीचा डाव काढायला. तिथून कोठडी दिसते खरी. मला माहीत नव्हतं. दारापर्यंत बर्फ चढलाय, कुलूपही दिसत नाही. बराच वेळ उभी होते, मग नळवाल्याने हाक मारली.

चर्चच्या बायकांनी ठरवलंय की मे महिन्यातल्या दफनाला तू आलीस तर यावंस, पण पहिल्या रांगेत बसू नयेस. मी त्यांना काही बोलले नाही. तू इथे असतीस तर काही बोलले असते.

लौगा

*

माँटेगो बे विमानतळ
शनिवार, ३ मार्च

लौगा,

तुझं पत्र आत्ता उतरलेल्या एका प्रवाशाने हातात दिलं. हे विमान प्रवासी उतरवून तासाभरात परत फिरतं, त्यानेच उत्तर पाठवायचं म्हणून तेवढ्यात लिहितेय. समोर नवी टोळी उतरतेय, कोट काढून एकमेकांचे फोटो काढतेय. एक म्हातारा गुडघे टेकून डांबराची चुंबनं घेतोय. 

गाणं कुठलं ते डिसाला सांग. आपल्या चर्चमध्ये दर रविवारी म्हणतात तेच होतं. चाल वेगळी होती, शब्द ओळखीचे. वाल्डीसाठी गायले. तुमच्या तळघरात मला गाता आलं नव्हतं, तिथे सगळे कॉफी बरी झालीय का ते बघत होते. आणि पेला त्यांनी हातात दिला म्हणून घेतला, थोडी रम जमिनीवर ओतली. तशी पद्धत आहे.

मी मे महिन्यात येणार नाही. पहिल्या रांगेतही नाही, शेवटच्याही नाही. मऊ जमिनीत, पाखरं ओरडत असताना, हलके कोट घालून सगळ्यांनाच रडता येतं. ज्यांनी त्याला कोठडीत ठेवायचं ठरवलं त्यांनीच त्याला पुरावं. घर वीक. मिस इसिल्डाला चादरी धुवायला कोणी हवं आहे, तेवढ्यावर खोली देईन म्हणालीय. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण काल संध्याकाळी तिने माझ्या खोलीबाहेर खुर्ची टाकली आणि बसून राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, ‘तुझ्यासाठी नाही बसले. त्याच्यापाशी कुणीतरी बसायला नको?’

परकी बाई आहे ती, लौगा. त्याला कधी पाहिलंही नाही तिने.

सिग्गा

*

गिमली
शुक्रवार, ९ मार्च

सिग्गा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. वाचून इतका संताप आला की कोट चढवून तशीच ओलीकडे गेले आणि म्हटलं, कोठडीची किल्ली दे. दफनभूमी सांभाळणारा माणूस, त्याला चालत नाही असं मध्येच उघडणं. म्हणाला, ‘लौगा, मेमध्ये बघ की.’ मी म्हटलं, ‘तुझ्या बापाला ठेवला असतास का रे?’ तो फावडं घेऊन आला. दोघांनी मिळून दारातला बर्फ उपसला.

मला वाटलं होतं, आत गेले की तुला लिहिता येईल: सगळं नीट आहे, नाटकं बंद कर. आत भिंतीवर, छपरावर, पेट्यांवर बोटभर पांढरं हिम साचलंय. वाल्डीची पेटी सगळ्यात आत, तिच्यावर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र टेकवून ठेवलेलं. गवत कापायचं यंत्र, सिग्गा! मी ओलीला काय काय बोलले ते तारेवर सांगण्यासारखं नाही. मग हातमोजा काढून पेटीची पितळी कडी धरली. का धरली माहीत नाही. या थंडीत धातूला उघडा हात लावू नये हे आपल्याकडे पोरालाही कळतं. हात चिकटला. ओलीने फुंकर मारून सोडवायचा प्रयत्न केला, शेवटी मीच ओढला. तळव्याची साल तिथे राहिली.

मला त्या जागेची किळस आली. तुझीही अजून येतेच, उगाच हुरळून जाऊ नकोस. घर विकायचं तर स्वतः येऊन वीक, मी तुझी दलाल नाही.

जमीन जाळायची म्हटल्यावर पाळकांनी सांगितलं, हे अडाणीपणाचं आहे आणि पायंडा पडेल. मी म्हटलं, पडू दे. डिसाला सांगितलं, तुझ्या नवऱ्यालाही तिथे पाच महिने ठेवला होता ना गं आपण? दुपारी तिने लाकडाची गाडी घेऊन मुलगा पाठवला. हाल्लीने जुनं पिंप उभं चिरून पत्रा केला. कोळसा विनिपेगहून आला. बुधवारी पहाटे आग पेटवली, आईबाबांच्या शेजारी, जिथे तुझीही जागा आहे. बाप रे, काय धूर, काय घाण! आख्ख्या दफनभूमीचा बर्फ काळा झालाय. आगीभोवती तापलेल्या मातीचा कुजका वास सुटलाय. माझ्या केसांना येतोय, कोटाला येतोय. नेटी येऊन नाक दाबून उभी राहिली, मी तिच्या हातात फावडं दिलं.

जाळी सोडून माणसं येणार नाहीत म्हणत होते ना मी? आळीपाळीने येतात. पत्रा बाजूला करतात, सुटलेली माती काढतात, पुन्हा कोळसा घालतात, कॉफी पितात. मी तिथेच खुर्ची टाकून बसलेय, हे पत्रही तिथेच लिहितेय. शाई गोठते म्हणून पेन्सिलने. एका हाताला पट्टी आहे, अक्षर लागत नसेल तर लागेल तेवढं वाच.

रविवारी दुपारी पुरायचं. तू येईपर्यंत पेटी उचलू देणार नाही. हे पत्र ज्या विमानाने तुझ्याकडे येईल तेच तासाभरात परत फिरेल. त्यात बस. बूट घालून ये. पहिल्या रांगेचं मी बघते.

ओली मघाशी विचारत होता, किती खोल खणायचं? नेहमीचं माप झालंय, पण खाली अजून खडे बर्फाचेच लागतायत. बाकीचे म्हणाले, पुरे आता, हात गेले. मी म्हटलं, गोठलेली माती संपेपर्यंत खणा, आणि मग आणखी थोडं. त्याला थंडी सोसत नाही.

लौगा